अमेरिकेची ४४५ वी एअरलिफ्ट विंग: रिझर्व्हवाले म्हणजे नक्की कोण? (जाणकारांनी सांगा)

सांगलीवाडीकर:

मंडळी नमस्कार. भाचा ओहायोत डेटनला असतो, त्यानं तिथल्या एअरफोर्स म्युझियमचे ढीगभर फोटो पाठवलेत. त्यात एक अवाढव्य चार इंजिनांचं मालवाहू विमान हाय, सी-१४१, नाव 'हनोई टॅक्सी'. व्हिएतनामात अडकलेले युद्धकैदी १९७३ ला ज्या विमानातनं पहिल्यांदा बाहेर काढले ते हेच. इथपर्यंत समजलं. पण भाचा म्हणतो की शेवटच्या काळात हे विमान शेजारच्याच तळावरच्या ४४५ व्या एअरलिफ्ट विंगकडं (म्हंजे माल-माणसं वाहणाऱ्या हवाई दलाच्या मोठ्या तुकडीकडं) होतं आणि ती विंग रिझर्व्हची, म्हंजे शनिवार-रविवारवाले पायलट. आता मला सांगा एवढं धूड शनिवार-रविवारच्या माणसाच्या हातात कसं काय देतात?

मग मी जरा शोधाशोध केली तर डोकं आणखीच फिरलं, कारण ही विंग आधी लढाऊ विमानं उडवायची, मग मालवाहू, मग मध्ये वीसेक वर्षं तिच्याकडं स्वतःचं एकपण विमान नव्हतं, आणि तरी ती 'विंग'च. विमानाशिवाय विंग म्हंजे बैलाशिवाय बैलगाडी. आपल्या फोरमवर एअरफोर्सची निवृत्त मंडळी हायत, त्यांनी जरा विस्कटून सांगावं. घाई नाही.

कवठ्याचा_पैलवान:

सोप्पं हाय की ओ काका. आपल्या कोल्हापूरला टेरिटोरियल आर्मीची १०९ पलटण हाय का नाही मराठा लाइट इन्फंट्रीची, तसंच त्येंचं विमानातलं. आमच्या गल्लीतला एकजण टीएत हाय, एरवी दुकान चालवतो आणि बोलावणं आलं की वर्दी. भरतीला हजारोंनी पोरं येत्यात तिथं, मी बी गेलतो, छाती भरली नाही (हसू नका).

आयएल७६_सातारा:

पैलवानांनी दिशा बरोबर दाखवली पण टीए आणि हे यात फरक आहे, तो पुढं सांगतो. मी आपल्या एअरफोर्समध्ये ट्रान्सपोर्टलाच होतो, आग्रा आणि चंदीगड, त्यामुळं हा विषय निघाला की मला राहवत नाही. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी 'शनिवार-रविवारवाले' हा गैरसमज काढू. कागदावर रिझर्व्हचा नियम महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षाला दोन आठवडे असा आहे, ते खरं. पण विमान उडवणाऱ्या माणसाला तेवढ्यावर भागत नाही, त्याचे तास आणि चाचण्या नियमित एअरफोर्सवाल्यासारख्याच पूर्ण व्हाव्या लागतात, त्यामुळं तो मधल्या वारीही येऊन उडतो. यातले कितीतरी जण आधी दहा-बारा वर्षं नियमित नोकरी करून आलेले असतात आणि बाहेर एअरलाइनमध्ये कॅप्टन असतात. म्हणजे नवशिका पोरगा नाही हो, उलट नियमित स्क्वाड्रनमधल्या पंचवीस वर्षांच्या को-पायलटपेक्षा रिझर्व्हचा माणूस जास्त मुरलेला निघतो. शिवाय १९५८ पासून त्यांच्याकडं 'टेक्निशियन' म्हणून एक भन्नाट प्रकार आहे, तोच माणूस सोमवार ते शुक्रवार त्याच तळावर सिव्हिलियन सरकारी नोकर म्हणून विमान सांभाळतो आणि रिझर्व्हच्या दिवशी वर्दी घालून तेच काम करतो. युनिटचा कणा ही मंडळी. बाकीचे येतात तेव्हा घर लावलेलं असतं.

आता इतिहास. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेकडं विमानं आणि पायलट दोन्ही उदंड होते, त्यांना धरून ठेवायला १९४९ मध्ये रिझर्व्हच्या विंगा उभ्या केल्या, त्यातल्या बऱ्याचशा ट्रूप कॅरियर, म्हणजे सैनिक आणि सामान वाहणाऱ्या. लगेच १९५० ला कोरियाचं युद्ध पेटलं आणि सगळ्यांना बोलावणं. त्यात फार गोंधळ झाला. काही विंगा अख्ख्या गेल्या पण कितीतरी युनिटं नुसती फोडून माणसं इकडं तिकडं भरली. त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी एक महायुद्ध आधीच लढलेलं, जे सरावाला येत नव्हते आणि पगारही घेत नव्हते, अशांनापण घरातनं उचललं. लोक भडकले. त्यावर १९५२ ला कायदा करून रिझर्व्हचे तीन थर ठरवले, आधी कुणाला बोलवायचं, नंतर कुणाला, आणि निवृत्त कोण.

तुमची ४४५ त्याच १९५२ ची. आधीची युनिटं कोरियात खपल्यावर नव्यानं जी उभी केली त्यातली ही, न्यूयॉर्क राज्यात नायगारा धबधब्याजवळ, फायटर-बॉम्बर विंग म्हणून. एफ-८०, एफ-८४ अशी जेट उडवायची. मग १९५७ च्या आसपास वरून धोरण बदललं, लढाऊ काम नॅशनल गार्डकडं (हे तिथल्या राज्यांचं राखीव दल) आणि रिझर्व्हकडं वाहतूक, आणि रिझर्व्हच्या फायटर विंगा एकतर बंद नाहीतर मालवाहू. कल्पना करा, काल जेट फायटरमध्ये एकटे बसणारे आणि आज डबडा पिस्टन इंजिनचं मालवाहू. आमच्याकडंपण फायटरवाले आम्हाला 'ट्रकवाले' म्हणायचे, पण रसद कुणी टाकली विचारलं की गप्प.

मग ४४५ जॉर्जियात डॉबिन्सला गेली आणि साठच्या दशकात तिच्याकडं सी-१२४ आली. हे विमान मी फक्त फोटोत बघितलंय पण वाचून हसू येतं, नाव ग्लोबमास्टर आणि लोक म्हणायचे 'ओल्ड शेकी', एवढं हदरायचं. नाकाची दोन दारं उघडून आत ट्रक चढवायचा. रिझर्व्हवाले ही धुडं घेऊन पॅसिफिक ओलांडून व्हिएतनामपर्यंत माल टाकून यायचे, त्यात कित्येकांची ही एरवीची नोकरी सांभाळून मारलेली फेरी असायची.

मध्येच १९६२ चं क्यूबा प्रकरण झालं. २८ ऑक्टोबरला रिझर्व्हच्या आठ ट्रूप कॅरियर विंगा बोलावल्या, चौदा हजारांवर माणसं, महिनाभरात घरी. ४४५ पण त्यात होती, आणि परिणाम तिच्यावरही झाला. तेव्हा लक्षात आलं की चार विमानं पाहिजेत तर अख्खी विंग बोलवावी लागते, कारण ऑफिस, मेस, मेडिकल सगळं विंगच्या नावावर. म्हणून १९६३ ला प्रत्येक तळावर स्वतंत्र ग्रुप (विंगपेक्षा लहान तुकड्या) पाडले, प्रत्येकाचं आपलं आपलं सगळं, जेवढं हवं तेवढंच उचला. कारकुनी बदल वाटतो पण माझ्या मते पुढचं सगळं शक्य झालं ते यामुळं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, विमानं नसलेली विंग. हे खरं डोक्याचं काम आहे. नीट ऐका, विमान उतरलं, तेल भरलं, तपासणी झाली की ते परत उडायला तयार. माणूस तयार नसतो, त्याला झोप लागते. शांततेत विमान दिवसाला थोडे तास उडतं, एक क्रू पुरतो. युद्ध लागलं की तेच विमान चोवीस तास पळवायचं असतं, तेव्हा एका विमानामागं तीन-चार क्रू लागतात. एवढ्या लोकांना शांततेत पूर्ण पगारावर बसवून ठेवणं कुणालाच परवडत नाही. इकडं रिझर्व्हकडं माणसं आहेत पण त्यांची विमानं मोडीत निघालेली. मग १९६८ ला कॅलिफोर्नियात नॉर्टन तळावर पहिला प्रयोग केला, रिझर्व्हचा एक ग्रुप नियमित विंगच्या बाजूला बसवला, विमानं सगळी नियमितांची, सी-१४१, पण उडवणार दोघंही आणि दुरुस्ती करणार दोघंही. याला 'असोसिएट' म्हणतात. ४४५ मधल्या काळात बंद होती, ती १९७३ ला याच नॉर्टनवर असोसिएट विंग म्हणून परत उभी केली. पुढं वीस वर्षं ती तशीच. बाहेरून बघितलं तर कळणार नाही विमानात कोण बसलंय, कधी कधी अर्धे हे आणि अर्धे ते.

स्वतःचं विमान नाही याचं दुःख असणारच हो, शेपटीवर आपल्या युनिटचं नाव नाही म्हणजे काय. पण १९९० ला सद्दाम कुवेतमध्ये घुसला तेव्हा हिशोब कळला. २२ ऑगस्टला बुश साहेबांनी रिझर्व्ह बोलावायची सही केली, आणि त्याच्या आधीच कितीतरी रिझर्व्ह क्रू आपणहून येऊन सौदीच्या फेऱ्या मारत होते.

नॉर्टन तळ १९९४ ला बंद झाला. विंग हलत हलत ओहायोला राइट-पॅटरसनला आली, इथं मात्र तिला स्वतःची सी-१४१ मिळाली. हनोई टॅक्सी त्यातलीच.

हात दुखला. बाकी उद्या.

एमआयडीसी_कुपवाड:

सर एक नंबर लिहिलंत. पण मला व्यावहारिक शंका आहे, कंपनीत सुपरवायझर म्हणून सांगतो, आमच्याकडं एखादा पोरगा गणपतीला चार दिवस जास्त राहिला तरी मॅनेजर नोटीस काढतो, तिथं माणूस सहा महिने सौदीला विमान उडवायला गेला तर मालक जागा ठेवतो का? का देशभक्तीवर सगळं भागतं

आयएल७६_सातारा:

@एमआयडीसी_कुपवाड देशभक्तीवर नाही, कायद्यावर. १९९४ चा कायदा आहे तिथं, लष्करी सेवेसाठी गेलेल्या माणसाला साधारण एकूण पाच वर्षांपर्यंतच्या सेवेनंतर परत कामावर घ्यावंच लागतं. आणि जुन्या खुर्चीवर नाही, तो गेलाच नसता तर आज जिथं पोचला असता त्या जागेवर, सीनियॉरिटी धरून. सक्तीनं बोलावल्याचे काळ तर बहुतेक त्या पाच वर्षांत धरतही नाहीत. त्याआधीही संरक्षण होतंच, १९४० पासून, पण हा जास्त स्पष्ट. तरी छोट्या धंदेवाल्याला त्रास होतोच, दोन माणसांच्या गॅरेजमधला एक गेला तर कायदा काय करणार. हे माझं मत.

सिस्टर_मिरज:

मी मिरजेत आयसीयूत नर्स आहे. यातलं विमानाचं मला काही कळत नाही पण पेशंट कसे नेतात ते वाचायला आवडेल. आम्ही इथनं पुण्याला व्हेंटिलेटरचा पेशंट ॲम्ब्युलन्सनं पाठवतो तेव्हा खंबाटकीपर्यंत जीव मुठीत असतो, ऑक्सिजनचं गणित सारखं चालू. हे लोक समुद्रावरनं कसं करत असतील?

आयएल७६_सातारा:

सिस्टर चांगला विषय काढलात. ४४५ मध्ये फक्त पायलट नाहीत, तिथं एक एरोमेडिकल इव्हॅक्युएशन स्क्वाड्रनही आहे आणि त्यात तुमच्यासारख्याच नर्स आणि टेक्निशियन, एरवी हॉस्पिटलात ड्युटी करणारे. मालवाहू विमान आतनं रिकामं असतं, त्यात उभे खांब लावून स्ट्रेचर एकावर एक बांधतात, माल उतरवून परतीला पेशंट. वर केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण सात-आठ हजार फुटांवर असल्यासारखा, त्यामुळं ऑक्सिजन कमी पडतो आणि शरीरात अडकलेली हवा फुगते. छातीत हवा भरलेल्या पेशंटला नळी टाकल्याशिवाय न्यायचं नाही, ट्यूबच्या फुग्यातली हवा तपासायची, हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजेल. आणि आवाज इतका की स्टेथोस्कोप लावून काही ऐकू येत नाही, सगळं हात आणि मॉनिटरवर.

आणि एक सांगतो. २००५ ला आपली सांगली पाण्यात होती ना जुलै-ऑगस्टला, त्यानंतर महिनाभरात तिकडं न्यू ऑर्लीन्स बुडालं, कॅटरिना. तेव्हा तिथनं आजारी माणसं बाहेर काढायला जी विमानं गेली त्यात ही हनोई टॅक्सी होती. तेव्हा तिचं वय चाळीसच्या आसपास.

सिस्टर_मिरज:

आवाजाचा विचारच केला नव्हता. २००५ आणि २०१९ दोन्ही वेळेला आम्ही पेशंट वरच्या मजल्यावर हलवलेत, लिफ्ट बंद, त्यामुळं खांब लावून एकावर एक स्ट्रेचर हे चित्र डोळ्यासमोर आलं. धन्यवाद सर.

वाईचा_बंड्या:

कुणी जेम्स स्टुअर्टचं बोललं नाही अजून?! हॉलिवूडचा मोठा हिरो, ४४५ मध्येच होता महायुद्धात, बी-२४ बॉम्बर उडवायचा, ७०३ स्क्वाड्रनचा कमांडर. म्हणजे विंग १९५२ ची नाही, १९४३ ची आहे. सातारकर सरांनी हे कसं गाळलं

आयएल७६_सातारा:

बंडोपंत, गाळलं नाही, मुद्दाम बाजूला ठेवलं होतं कारण इथं सगळे अडकतात. स्टुअर्ट होता तो ४४५ वा बॉम्बार्डमेंट *ग्रुप*, इंग्लंडात टिबनमला. आज आपण बोलतोय ती ४४५ वी *विंग*. अमेरिकन एअरफोर्समध्ये ग्रुप आणि विंग यांच्या वंशावळी वेगळ्या चालतात, विंगला फक्त त्याच नंबरच्या ग्रुपची युद्धातली मानचिन्हं मिरवायची परवानगी असते. ग्रुपचा खरा वारस आज विंगच्या पोटातला ४४५ वा ऑपरेशन्स ग्रुप. म्हणजे देवस्थानाचा मान एका घराण्याकडं आणि पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर. सांगलीवाडीकरांचा दुसरा प्रश्न पण यातच सुटतो, युनिट म्हणजे विमान नाही, इमारत नाही, सरकारी कागदावरचा नंबर आणि त्याच्या मागची माणसं. विमान बदललं, गाव बदललं, मध्ये दोन वर्षं बंद पडलं तरी तोच नंबर परत जिवंत करतात.

त्या ग्रुपचा सगळ्यात वाईट दिवस मात्र सांगायलाच पाहिजे. २७ सप्टेंबर १९४४, कासेलवर बॉम्ब टाकायला निघाले आणि वाट चुकून मुख्य फळीपासून वेगळे पडले. एकटे सापडल्यावर जर्मन फायटरांनी काही मिनिटांत फडशा पाडला. ३५ विमानं होती, आपल्या तळावर परत आली चार.

वाईचा_बंड्या:

ग्रुप विंग काहीपण असू दे, स्टुअर्ट स्वतः पुढं रिझर्व्हमध्येच राहिला हे तर मान्य कराल? १९५९ ला ब्रिगेडियर जनरल झाला, रिझर्व्हचा. एकीकडं पिक्चर आणि एकीकडं हे. १९६६ ला व्हिएतनामवर बी-५२ मध्ये बसून गेला होता, वय ५७. तुमच्या धाग्याचा विषयच तो आहे, एरवीचा धंदा वेगळा आणि वर्दी वेगळी.

आयएल७६_सातारा:

हे मात्र शंभर टक्के मान्य.

अपशिंगेकर:

मी अपशिंगे मिलिटरीचा, सातारा तालुका. आमच्या गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचा दगड आहे आणि अजूनही घरटी एकतरी फौजेत. त्यामुळं माझा प्रश्न सरळ आहे, आपल्याकडं असलं हवाई रिझर्व्ह का नाही? आमच्या गावात निवृत्त एअरमन आहेत, चाळिशीला बाहेर पडलेले, हातात कसब आहे आणि बँकेत सिक्युरिटीला उभे आहेत.

आयएल७६_सातारा:

तुमचा प्रश्न मला आवडला आणि टोचला पण. आपल्याकडं प्रयत्न झालाय. १९५२ ला रिझर्व्ह आणि ऑक्झिलरी एअर फोर्सचा कायदा झाला आणि त्याखाली सात ऑक्झिलरी स्क्वाड्रन उभ्या राहिल्या, ५१ ते ५७ नंबरच्या. ५१ दिल्लीला, ५२ मुंबईला, ५३ मद्रास, अशा. डॉक्टर, वकील, कंपनीतले लोक सुट्टीला येऊन हार्वर्ड ही सरावाची विमानं उडवायचे. पण पुढं त्या नियमित हवाई दलातच विरघळल्या आणि ती परंपरा तिथंच खुंटली. वाहतुकीसाठी तर ती कधी नव्हतीच, खरं म्हणजे ट्रान्सपोर्टला रिझर्व्ह सगळ्यात सोपं जातं, कारण एअरलाइनचा कॅप्टन आणि मालवाहू विमानाचा कॅप्टन यांच्या कामात बरंच साम्य आहे.

आणि गंमत म्हणजे आपली पहिली मोठी एअरलिफ्ट अर्धी सिव्हिलच होती. २७ ऑक्टोबर १९४७, श्रीनगरला १ शीख पलटण घेऊन डाकोटा (जुनं मालवाहू विमान) उतरले ते १२ स्क्वाड्रनचे तर होतेच, पण त्याच बरोबर खाजगी एअरलाइन्सकडून रातोरात मागून घेतलेले डाकोटा आणि त्यांचे पायलट. ना सराव ना कागद, उठले आणि गेले. पुढच्या मे महिन्यात आपल्या हवाई दलाच्या मेहर सिंग बाबांनी २४ तारखेला लेहला डाकोटा उतरवला, साडेदहा-अकरा हजार फुटांवर, नकाशा नाही धड, शेजारच्या सीटवर लष्कराचे जनरल थिमय्या साहेब. आमच्या स्क्वाड्रनमध्ये हे नाव काढलं की मेसमध्ये आवाज बंद व्हायचा.

चाळिशीतल्या एअरमनचं तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. अमेरिकेचा लोडमास्टर (विमानात माल लावणारा) काही वर्षं नियमित करून रिझर्व्हमध्ये जातो आणि पोरांना शिकवत साठीपर्यंत राहू शकतो. आपला तेवढाच शिकलेला माणूस एका सहीनं बाहेर.

कवठ्याचा_पैलवान:

सर मग टीए आणि त्येंच्यातला फरक सांगणार होता त्यो ऱ्हायला

आयएल७६_सातारा:

हां. टीएत माणूस बोलावल्यावर त्याची पलटण त्याच्या नावानं वेगळी उभी राहते. असोसिएटमध्ये वेगळं काही उभं राहतच नाही, नियमित आणि रिझर्व्ह एकाच विमानात एकाच दिवशी. बोलावण्याची वाट बघत नाहीत, शांततेतही रोजचा माल नेतातच, तोच त्यांचा सराव. म्हणून गरज पडली की धावपळ होत नाही.

सांगलीवाडीकर:

वा वा, मी दोन दिवस नव्हतो तर केवढं झालं. सगळ्यांचे आभार, सातारकर सरांना कृष्णेकाठची वांगी पोचवतो. एक शेवटचं, हनोई टॅक्सी रिटायर कधी झाली आणि आता या विंगकडं काय हाय?

आयएल७६_सातारा:

वांगी चालतील. ६ मे २००६ ला शेवटचं उडून ती त्याच तळावरच्या म्युझियमला उतरली, आणि तिच्याबरोबर सी-१४१ हा प्रकारच संपला. नंतर विंगनं काही वर्षं सी-५ वापरली, २८ चाकांची, आणि २०११ पासून सी-१७, जी आपल्याकडंपण आहेत हिंडनला ८१ स्क्वाड्रनमध्ये.

रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधीची एक फेरी भाच्याला सांगा. मे २००४ मध्ये हेच विमान परत हनोईला गेलं, दोन अमेरिकन सैनिकांचे अवशेष आणायला. चालवत होते मेजर जनरल एडवर्ड मेकनबियर, रिझर्व्हचे. हे १९६७ ला तिथंच पाडले गेलेले फायटर पायलट, पावणेसहा वर्षं कैदेत होते आणि १९७३ ला याच विमानातनं सुटून आले होते.

कवठ्याचा_पैलवान:

नाद खुळा 🙏